केर काढण्याची उपाधि

मराठी भाषेंत 'उपाधि' हा शब्द मोठा सोयीचा आहे. वेदान्ताच्या पोथींत त्याचा अर्थ एक, नैयायिकांच्या वादांत दुसरा, आणि माजघरांत तिसरा. स्फटिकाजवळ जास्वंदीचें फूल ठेवलें म्हणजे स्फटिक तांबडा दिसूं लागतो. वेदान्ती म्हणतो, फूल ही त्या स्फटिकाची उपाधि. मूळ वस्तूच्या स्वरूपाशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं, परंतु जवळ येऊन बसल्यामुळें जें आपला रंग तिच्यावर चढवितें, तें उपाधि होय. आमच्या घरांतील वडील बायका एवढ्या खोलांत न शिरतां, दारीं आलेल्या फेरीवाल्यास "ही नसती उपाधि कशाला?" एवढें म्हणून वाटेला लावीत. ज्या विषयाकडे आम्ही वळणार आहों, त्याचा विचार करतांना हे तिन्ही अर्थ उपयोगीं पडतील, म्हणून आरंभींच या शब्दाची ओळख करून दिली.

विषय वरवर पाहतां इतका क्षुल्लक आहे कीं, त्याचा उच्चार करतांच कित्येक वाचक पान उलटतील. तो विषय म्हणजे केर ओढणाऱ्या यंत्राला जोडण्याचें सामान, आणि त्यांतहि ज्याची गरज नाहीं असें सामान. कॅनडांत व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुष्कळ घरांतून 'सेंट्रल व्हॅक्यूम' नांवाची व्यवस्था असते. तळघरांत अगर मोटारगाडी ठेवण्याच्या जागेंत एक विजेची मोटर आणि केर सांठविण्याची टांकी बसवितात. तेथून सुमारें दोन इंच व्यासाचे प्लॅस्टिकचे नळ भिंतींच्या आंतून खोल्याखोल्यांत नेतात. भिंतींत झांकणाचीं तोंडें ठेवतात. आणि तीसएक फुटांची लवचीक नळी त्या तोंडास लावली कीं सबंध घरच जणूं श्वास आंत ओढूं लागतें. ह्या व्यवस्थेचे दोन गुण निःसंशय खरे आहेत. मोटर दूर असल्यामुळें खोलींत गोंगाट होत नाहीं. आणि ओढलेली हवा पुन्हां त्याच खोलींत न सुटतां घराबाहेर सोडतां येत असल्यामुळें बारीक धूळ फिरून नाकांत जात नाहीं. दमेकऱ्याला हा दुसरा गुण लाखमोलाचा आहे. येथवर आमची कांहीं तक्रार नाहीं.

तक्रार सुरू होते ती यंत्राबरोबर येणाऱ्या यादीपासून. जमिनीसाठीं एक ब्रश, गालिच्यासाठीं विजेवर फिरणारा दुसरा, फटींत घालण्याची चपटी नळी, आणि सामानावरची धूळ टिपण्यासाठीं मऊ केसांचा गोल कुंचा, एवढीं साधनें मनुष्य खरोखर वापरतो. यादी मात्र तेथें थांबत नाहीं. गादीसाठीं निराळें तोंड, खिडकीच्या पडद्यांच्या पट्ट्यांसाठीं निराळें, कुत्र्यामांजरांच्या केसांसाठीं निराळें. नळी टांगण्याची कमान. नळीनें भिंतीस ओरखडा पडूं नये म्हणून तिला घालावयाचा गुबगुबीत कापडी अंगरखा. मोटर आधींच तळघरांत असतां तिचा आवाज आणखी दाबण्याचें साधन. मोटारगाडीसाठीं वेगळा संच. टांकींत ठेवण्याच्या सुगंधी वड्या. आणि स्वयंपाकघराच्या ओट्याखालीं पायानें उघडणारें एक तोंड, कीं ज्याच्यापर्यंत केर आधीं केरसुणीनेंच लोटून न्यावा लागतो! ह्या शेवटच्या साधनाविषयीं आम्हांला विशेष ममता वाटते. एवढ्या भिंती पोखरून, एवढे नळ घालून, अखेरीस गृहिणीच्या हातीं केरसुणी ती आलीच. नळीच्या अंगरख्याची गोष्टहि अशीच. तो मळतो, आणि मळला म्हणजे धुवावा लागतो. मळ काढणाऱ्या साधनाला वस्त्र चढविल्याबरोबर घरांत मळण्यासारखी एक वस्तु वाढली. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आमच्या पूर्वजांनीं या नळ्या पाहून केली नसली तरी तिचें येथें बिलकुल अडत नाहीं.

महाराष्ट्रांत भिंतींत नळ घातलेलीं घरें क्वचित्; परंतु त्या यंत्राचें सुटें भावंड आमच्या मध्यमवर्गाच्या चांगल्या परिचयाचें आहे. १९८२ सालीं फोर्ब्स कंपनी आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारींतून युरेका फोर्ब्स ही कंपनी निघाली, आणि गळपट्टा बांधलेले तरुण विक्रेते घरोघर जाऊन केर ओढण्याचें यंत्र चालवून दाखवूं लागले. गादीवर यंत्र फिरवावें, आणि आंत ओढलेली धूळ पांढऱ्या फडक्यावर काढून दाखवावी. स्वच्छ म्हणून ज्या गादीवर आपण वर्षानुवर्षें निजलों तिच्यांत एवढी माती, हें पाहून गृहिणीनें चकित व्हावें. त्या धुळींत खोटें कांहींच नव्हतें. यंत्राबरोबर आलेल्या नळ्या, तोंडें, कुंचे, फवारणी यांची पेटी कपाटाच्या माथ्यावर चढली, आणि अनेक घरांत ती अद्याप तेथेंच असून तिच्यावर धुळीचा थर बसलेला आहे, ही गोष्ट मात्र पुण्यांत काय, नागपुरांत काय, कोणाहि वाचकाला आपल्या घरीं पडताळून पाहतां येईल.

सेनगांवास हा विषय कसा पोंचला, असें कोणी विचारील. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा काढलेल्या हिंगोली जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव. जमीन काळी, पीक सोयाबीन, तूर, कापूस, हळद. उन्हाळ्यांत वारा सुटला म्हणजे सकाळीं झाडलेली ओसरी दुपारीं पुन्हां मातींत जाते. अशा गांवांतून शिकलेलीं मुलें हिंगोली, परभणी, छत्रपति संभाजीनगर, पुणें अशा पायऱ्या चढत परदेशीं जातात. तिकडे टोरांटोच्या उपनगरांत त्यांच्या भिंतींत नळ असतात, आणि इकडे त्यांच्या आया शिंदीच्या पानांचा फडा घेऊन ओणव्यानें घर झाडतात. मराठवाड्यांत केरसुणीला फडा म्हणतात. एकाच कुटुंबांत, एकाच पिढीच्या अंतरावर, केर काढण्याचीं हीं दोन टोकें नांदत आहेत. आणि आमच्या मतें ह्या क्षुल्लक विषयांत जो खरा प्रश्न दडलेला आहे तो ह्या दोन टोकांच्या मध्यें आहे, नळीच्या किंमतींत नाहीं.

किंमतीचा प्रश्न लवकर निकालांत काढतां येतो. हौसेला मोल नाहीं असें म्हणणारे आणि काटकसर हाच धर्म मानणारे यांचा वाद जुना आहे, व तो मिटणाराहि नाहीं. ज्यानें आपल्या कष्टाचे पैसे नळीच्या अंगरख्यावर घातले त्याला चोर म्हणतां येत नाहीं. कोणी असेंहि म्हणेल कीं, अनावश्यक वस्तु खपतात म्हणूनच हजारों कारागिरांचीं पोटें भरतात. तेंहि कबूल. परंतु मनुष्य असें कां करतो, ह्याचें जें उत्तर अॅडम स्मिथ यानें १७५९ सालच्या आपल्या नैतिक भावनांवरील ग्रंथांत दिलें आहे, तें आम्हांस अधिक विचार करण्यासारखें वाटतें. अर्थशास्त्राचा हा आद्य आचार्य म्हणतो तें थोडक्यांत असें: एखादें साधन आपलें काम किती नेटकेपणें करूं शकेल, ह्याच्या सौंदर्यानें मनुष्य भुलतो, तें काम त्याला करावयाचें आहे कीं नाहीं, हा विचार मागें पडतो. दिवसाला दोन मिनिटें मागें पडणारें घड्याळ विकून जो नेमकें घड्याळ घेतो, तो त्यामुळें कोठें वेळेवर जाऊं लागतो असें नाहीं. लोक चिमुकल्या सोयींनीं खिसे भरतात, आणि खिसे पुरले नाहींत म्हणजे नवे खिसे शिवून घेतात. पडद्याच्या पट्ट्या पुसणारें दुबोटी तोंड पाहतांच आपल्या मनांत जें समाधान उमटतें तें स्वच्छतेचें नव्हे. पट्टी आणि तोंड एकमेकांना किती बरोबर बसतील, ह्या कल्पनेचें तें समाधान आहे. तें दुकानांतच पुरें होतें. घरीं आल्यावर त्या वस्तूला करण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

ह्यावरून साधनांची संख्या कमी तेवढें बरें, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. खेड्याचें गुणगान करणारे लेखक येथें लगेच एका फड्यावर संसार करणाऱ्या आजीबाईला पुढें आणतात. आम्ही ह्या मोहांत पडणार नाहीं. कारण ती आजीबाई खऱ्या घरांत आढळत नाहीं. सेनगांवच्या कोणत्याहि जुन्या शेतकरी घरांत जाऊन मोजावें. सारवलेल्या जमिनीसाठीं शिंदीचा मऊ फडा, कारण ताठ काड्यांनीं सारवणाचा पोपडा उचलतो. अंगण, गोठा आणि खळें यांसाठीं काड्यांचा खराटा, कारण तेथें मऊ फडा चार दिवसांत झिजून जाईल. जात्याभोवतालचें पीठ ओढण्यासाठीं लहान कुंचा. तो केराला लावावयाचा नाहीं, कारण पीठ खाण्याचें आहे. केर भरावयास सुपली. आणि झिजून वीतभर उरलेला फडा चुलीपुढची राख लोटण्यास. मोजले तर पांच झाले. हेंहि जोडसामानच. परंतु ह्यांतील प्रत्येकाच्या पाठीमागें 'कारण' हा शब्द लावतां येतो, आणि तें कारण विक्रेत्यानें सांगितलेलें नसून झाडणाऱ्या बाईच्या हाताला लागलेलें आहे. तेव्हां साधनें किती हा प्रश्न नाहीं. गरज आहे कीं नाहीं हें ठरवितो कोण, हा प्रश्न आहे.

ह्या यंत्राच्या जन्मकथेंतच ह्या प्रश्नाचीं दोन उत्तरें शेजारीं शेजारीं पडलेलीं आहेत. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्यानें १९०१ सालीं केर ओढण्याचें यंत्र सिद्ध केलें. तें एवढें मोठें होतें कीं घोड्याच्या गाडीवर घालून रस्त्यांत उभें करावें लागे, आणि खिडक्यांतून लांबच लांब नळ्या घरांत सोडाव्या लागत. १९०२ सालीं सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकापूर्वीं वेस्टमिन्स्टर मठांतील गालिचे ह्याच यंत्रानें साफ केले. श्रीमंत बायका मैत्रिणींना चहाला बोलावून घर साफ होत असतांना पाहण्याचा समारंभ करीत. आणि पाहणाऱ्यांना धूळ वाहतांना दिसावी म्हणून कांहीं ठिकाणीं पारदर्शक नळीहि लावीत असत, असें नमूद आहे. केर ओढण्यास त्या पारदर्शकतेचा काडीइतका उपयोग नाहीं. ह्या यंत्राच्या इतिहासांतील अनावश्यक जोडसामानाचा मूळपुरुष आम्ही तिलाच मानतों. तिची गरज झाडणाऱ्यास नव्हती, पाहणाऱ्यास होती. त्याच १९०२ सालीं अमेरिकेंत डेव्हिड केनी यानें पिट्सबर्गच्या फ्रिक इमारतींत सर्व मजल्यांवर नळ फिरवून एकच मध्यवर्ती यंत्र बसविलें. आजच्या सेंट्रल व्हॅक्यूमचा तो आजा.

दुसरी कथा ओहायो संस्थानांतील कॅंटन गांवची. तेथें जेम्स मरे स्पॅंगलर नांवाचा गृहस्थ एका दुकानांत झाडलोटीच्या नोकरीवर होता. त्याला दम्याचा विकार. झाडतांना उडणाऱ्या धुळीनें त्याचा जीव कासावीस होई. त्यानें पंख्याची मोटर, केरसुणीचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्या सामानावर स्वतःपुरतें यंत्र बनविलें. १९०८ सालीं त्याला त्याचें पेटंट मिळालें, आणि हूव्हर कुटुंबानें तें विकत घेऊन पुढें जगभर नांव कमावलें. उशीचा अभ्रा कां? धूळ अडावी आणि हवा निघून जावी म्हणून. दांडा कां? हातांत धरण्यासाठीं. ह्या यंत्रांत बिनकारणाचा एकहि खिळा नव्हता, कारण जो झाडीत होता तोच तें जुळवीत होता, आणि चुकलें तर खोकला त्यालाच येणार होता. बूथ हा कुशल अभियंता होता, त्याच्या योग्यतेविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु पारदर्शक नळी आणि उशीचा अभ्रा या दोन वस्तु शेजारीं ठेवल्या म्हणजे जोडसामानाच्या गरजेविषयीं आणखी फारसें सांगावें लागत नाहीं.

आतां नैयायिकांच्या उपाधीकडे येऊं. पर्वतावर अग्नि आहे, म्हणून तेथें धूर असलाच पाहिजे, असें कोणी अनुमान केलें तर नैयायिक त्यास अडवितो. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, धूर कोठें आहे? धूर निघतो तो अग्नीशीं ओल्या सरपणाचा संयोग झाला म्हणजे. तो संयोग ही येथें उपाधि. ती ज्या अनुमानांत लपलेली असते तें अनुमान सदोष ठरतें. जाहिरातींतील अनुमान तपासून पाहावें: जेथें साधनें पुष्कळ, तेथें घर स्वच्छ. चित्रांत घर स्वच्छ असतें, साधनेंहि पुष्कळ असतात. परंतु मध्यें ओलें सरपण कोणतें तें चित्रांत नसतें. तें म्हणजे रोज उठून तें साधन काढणारी, जोडणारी, फिरविणारी, पुन्हां पुसून टांगणारी व्यक्ति. तिला वगळलें तर यंत्र हा नुसता तापलेला गोळा. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकर्त्रीनें १९८३ सालच्या 'मोअर वर्क फॉर मदर' या ग्रंथांत हीच गोष्ट पुराव्यानिशीं मांडली आहे. पूर्वीं गालिचे वर्षांतून एकदोनदां बाहेर काढून बडवीत, आणि त्या कामीं घरांतील पुरुष व मुलें हात लावीत. यंत्र आल्यावर काम हलकें झालें खरें, पण तें आठवड्याआठवड्याला होऊं लागलें, आणि तें एकट्या बाईकडे आलें. घर पूर्वींपेक्षां स्वच्छ झालें. बाईचा वेळ मात्र वांचला नाहीं. साधनानें श्रम उचलला असें सर्वांना वाटलें, आणि म्हणूनच तो श्रम कोण करीत आहे हें पाहण्याचें कोणाला कारण उरलें नाहीं. जास्वंदीच्या फुलानें स्फटिकाचा रंग झांकावा, तसें हें झालें.

अनावश्यक सामानाविरुद्ध आमचा मुख्य आक्षेप हा आहे. तें पैसे खातें, जागा खातें, हें गौण. तें हात झांकतें.

आणि हात झांकण्याची विद्या आम्हांला परदेशांतून शिकावी लागली असें कोणीं समजूं नये. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. तिला पाय लागूं देत नाहींत. दिवेलागणीनंतर केर काढीत नाहींत. वस्तूविषयीं एवढा आदर बाळगणारी रीत सुंदर आहे, हें आम्ही मनापासून म्हणतों. परंतु फडे वळण्याचें काम परंपरेनें ज्या मातंग समाजाकडे होतें, त्याचीं घरें ह्याच रीतीनें गांवकुसाबाहेर ठेविलीं. फडा देवीपाशीं, आणि तो वळणारा वेशीबाहेर. ज्याच्यावांचून गांवाचें अंगण एक दिवस स्वच्छ राहिलें नसतें तो गांवाच्या लेखीं जोडसामान होता: काम पडेल तेव्हां लावावें, एरवीं दाराआड ठेवावें. शहरांत आज धुणेंभांडी आणि केरफरशी करणाऱ्या बाईस आपण ज्या सुरांत हांक मारतों, त्यांत हा जुना हिशोब अजून ऐकूं येतो. तिला पोंछा उभ्यानें मारतां यावा म्हणून लांब दांडा आणावयाचा कीं नाहीं, हें बहुतेक घरांत मालकीण ठरविते. आणि मालकिणीचें मत असें असतें कीं बसून पुसल्याशिवाय कोपरे निघत नाहींत. ती स्वतः पुशीत असती तर कोपऱ्यांविषयींचें तिचें मत इतकें ठाम राहिलें असतें किंवा नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

ह्या उलट बाजूला दोन नांवें आठवतात, आणि तीं दोन्हीं ह्याच मुलुखाच्या आसपासचीं आहेत. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानलेलें नरसी सेनगांवच्या शेजारीं हिंगोली तालुक्यांत आहे. त्या नामदेवांच्या घरची दासी जनाबाई गंगाखेडची. तिच्या नांवावरील अभंगांत विठ्ठल तिच्या दळणाला बसतो आणि झाडलोटीला हातभार लावतो. टीकाकारांनीं ह्यांतील भक्तीचें वर्णन पुष्कळ केलें आहे. आम्हांला तींतील एक साधी गोष्ट नेहमीं दिसते. त्या देवानें जनीला सोन्याची केरसुणी दिली नाहीं. रोज पहाटे केरापुढें एकट्या उभ्या राहणाऱ्या बाईला काय हवें, हें त्याला कळलें: आणखी दोन हात. दुसरें नांव गाडगेबाबांचें. १८७६ सालीं वऱ्हाडांत जन्मलेला आणि १९५६ सालीं निवर्तलेला हा पुरुष खराटा घेऊन गांवांत शिरे, रस्ते व गटारें स्वतः झाडी, आणि गांव स्वच्छ झाल्यावर रात्रीं कीर्तनाला उभा राही. त्याच्याजवळ खराट्याखेरीज दुसरी वस्तु म्हणजे मडक्याचें एक खापर. उन्हांत तें डोक्यावर, जेवतांना तेंच पुढ्यांत. एका वस्तूचे दोन उपयोग करणारा मनुष्य आणि एका उपयोगासाठीं दोन वस्तु घेणारा मनुष्य यांची तुलना करण्याचा मोह आम्ही आवरतों. प्रत्येकानें डोक्यावर खापर घालावें असा उपदेश बाबांनींहि केला नाहीं. पण त्यांचा खराटा किती मोठा असावा हें ठरवावयास दुसरा कोणी लागत नव्हता.

पातंजल योगसूत्रांत यमांमध्यें अपरिग्रह सांगितला आहे, आणि त्यावरील व्यासभाष्यांत वस्तूंचा स्वीकार न करण्याचीं कारणें म्हणून पांच दोष गणले आहेत: वस्तु मिळविण्याचा, राखण्याचा, ती नाश पावण्याचा, तिच्याविषयीं आसक्तीचा, आणि हिंसेचा. हे दोष संन्याशासाठीं आहेत असें समजून गृहस्थ पुढें जातो. वास्तविक पहिले चार तर गृहस्थाच्याच अनुभवाचे आहेत, त्यांवर अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. ज्याची नळी टांगावयास कमान लागते आणि कमान बसवावयास सुतार, त्याला 'राखण्याचा दोष' म्हणजे काय हें भाष्यकारानें सांगावयास नको. विचार करावयास लावतो तो पांचवा. नळीच्या अंगरख्यांत हिंसा कोठली? एक उत्तर उकिरड्यावर सांपडतें. शिंदीचा फडा झिजला म्हणजे खतांत जातो, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तो कोठें होता हें ओळखूं येत नाहीं. प्लॅस्टिकचें तोंड एकदांहि न वापरतां फेंकलें तरी तें घेणाऱ्याच्या नातवापेक्षां अधिक वर्षें टिकेल, आणि तें कोणाच्या तरी शिवाराला टिकेल. दिगंबर जैन मुनि मोरपिसांची पिंछी जवळ बाळगतात. बसण्यापूर्वीं जागेवरील किडामुंगी अलगद दूर व्हावी, एवढाच तिचा हेतु. आणि तीं पिसेंहि मोरानें आपण होऊन गाळलेलीं. जगांतील सर्वांत कमी सामान बाळगणाऱ्यांनीं झाडणी मात्र ठेविली, आणि ती स्वतःच्या स्वच्छतेसाठीं नव्हे, मुंगीसाठीं. जिच्यावरून झाडणी फिरणार तिच्या गरजेवरून येथें झाडणीचें मान ठरलें. हें उदाहरण इतकें टोकाचें आहे कीं आमच्यासारख्यांच्या रोजच्या उपयोगाचें नाहीं. परंतु दुसरें टोक पाहावयाचें तर हेंहि पाहिलें पाहिजे.

आतां सेनगांवच्या त्या ओसरीवर परत येऊं. फड्याला हातभर लांबीपलीकडे दांडा नसतो. झाडणारीला कमरेंत वांकावें लागतें किंवा उकिडवें बसून सरकत जावें लागतें. पंचविशींत ह्याचें कांहीं वाटत नाहीं. पन्नाशीनंतर गुडघे आणि कंबर दोन्हीं बोलूं लागतात. भिंतींत नळ घातलेल्या घरांतून मुलगा दिवाळीला येतो तो आईसाठीं पुष्कळ कांहीं आणतो, आणि प्रेमानें आणतो. केर ओढण्याचें एखादें लहान यंत्रहि त्यांत असतें. सारवलेल्या जमिनीवर तें केराबरोबर जमीनहि ओढतें, म्हणून तें कपाटावर जातें. बाजारांत लांब दांड्याच्या प्लॅस्टिकच्या केरसुण्या आतां मिळतात. पण त्यांचे ताठ केस सारवण खरवडतात, आणि शहाबादी फरशीच्या फटींतील माती काढीत नाहींत. तेव्हां फडाच बरा, असें ती म्हणते, आणि पुन्हां वांकते. आईला दांडा पाहिजे कां, असें विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. सून म्हणते, सासूबाईंना सवय आहे. मुलगा म्हणतो, तिनें कधीं मागितला नाहीं. मागितला नाहीं हें खरें आहे. ज्यांना आयुष्यांत कोणी विचारलें नाहीं त्यांना मागण्याचीहि सवय नसते.

अडचण थोडी कारागिरीचीहि आहे. फडा पंख्यासारखा पसरट असतो. त्याला नुसती सरळ काठी बांधली तर उभ्यानें धरल्यावर त्याचें टोंकच काय तें जमिनीला लागतें, आणि केर जागच्या जागीं फिरतो. मूठ वळतांनाच पानें काठीशीं तिरपीं धरून आवळावीं लागतील. फडे वळणाऱ्याला हें अशक्य नाहीं. बोटभर जाडीची, छातीइतक्या उंचीची वेळूची काठी, आणि मूठ दोनदां आवळण्यास हातभर जास्त दोरी, एवढें त्याला लागेल. काठी आंबाडीच्या दोरीनें आवळावी कीं सुतळीनें, हें तोच सांगेल.